मान वळवा, दिगूकाका

डोळा लागतोय की नाही, कळत नाही. दुपार आहे, कॅमेरा पोटावर आहे, आणि कानात काकूंचं तेच वाक्य: "नंदे, समोरून तोंड दिसेल असा एक फोटो शोध गं. उद्या त्यांचा तेरावा, हार घालायला घरात फोटोच नाही." दिगूकाका आमच्या गावचे पेटीवाले. जो गवई येईल त्याच्या साथीला हे. आणि मी हौशी फोटोवाली, एक मैफल सोडली नाही. सकाळपासून सगळे फोटो उपसले. एकात तोंड दिसेल तर शपथ! जिथे बघावं तिथे कान आणि मानेची शीर.

आणि हे बघा, बसलेत! देवळाचा सभामंडप, सतरंजी, पुढ्यात पेटी. मी गुडघ्यांवर सरकत जवळ जाते.

"काका, इकडे बघा."

"गाणं चाललंय."

"अहो, तुम्ही गेलात!"

"म्हणून बेसूर वाजवू?"

असा संताप येतो मला! उठून पलीकडून गाठायला जाते, तर सभामंडप नाहीच. माझं स्वयंपाकघर. ओट्यावर पेटी, शेगडीशेजारी काका मांडी घालून. गाणारा कुणी दिसत नाही, नुसता आवाज खिडकीतून येतोय आणि यांचं तोंड खिडकीकडे.

"तिथे कुणी नाहीये! एकदा मान वळवा. एकदाच!"

"अगं, गाणाऱ्याच्या तोंडाकडं बघितल्याशिवाय साथ होते का? तो श्वास कधी घेतो ते कळायला नको?"

"आणि काकूंनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं आता?"

पेटी थांबते. आवाजही थांबतो. आम्ही एसटी स्टँडवर उभे आहोत, फलाटावर दुसरं कुणी नाही. काका हात पुढे करतात.

"आण तो कॅमेरा. साऱ्या गावाचे काढत हिंडलीस. तुझा आहे का एक तरी?"

"माझा नकोय! तुमचा हवाय, तुमचा!"

"हलू नकोस."

आता ते अगदी समोर, माझ्याकडेच बघतायत, आणि तोंडावर कॅमेरा! कर्म माझं!

जागी होते. कॅमेरा सुरूच आहे आणि त्यात एक नवा फोटो. सोफ्यावर मी, तोंड उघडं, हललेली. कोपऱ्यात भिंगावर आलेलं एक बोट. माझं नव्हे. पेटीवर झिजून चपटं झालेलं, जाड पेराचं. इतका आटापिटा करून बोट! मला रडू येतं, आणि रागाने ते धड येतही नाही.

काकू दारात उभ्या. "सापडला का गं?"

मी कॅमेरा पुढे करते. त्या चष्मा चढवतात, बघतात, बराच वेळ बघतात. मग पदराने कॅमेऱ्याची काच पुसतात, फक्त त्या कोपऱ्यापुरती.

"हाच मोठा करून आण," त्या म्हणतात. "तुझं तोंड तेवढं काप."