पोरीला एकदाच विचारायचं

साल दोन हजार पंचवीस. मला त्र्याहत्तर सरून चौऱ्याहत्तरावं लागलेलं. सकाळी म्हशीची धार काढत होतो, तेवढ्यात घरात फोन वाजला. सूनबाईनं उचलला आणि गोठ्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. "कुणाचा हाय?" म्हणलं, तर तिनं फोन माझ्या कानाला लावला. नगरच्या केंद्रातली रेश्मा नावाची पोरगी रडत होती. "आबा, शैलाताई गेल्या. पहाटे झोपेतच. डॉक्टर म्हणाले, हार्ट." मी धार तशीच पुरी केली. म्हैस अर्ध्यात सोडली तर लाथ घालते, तिला काय कुणाच्या मरणाचं...

लोक लिहितात, बातमी ऐकून रडू आलं. मला राग आला. ज्यांनी जायला पाहिजे ते आमच्या गावात कडक इस्त्री करून हिंडतात, आणि ही बाई पन्नाशी ओलांडते न ओलांडते तोच गेली. आणि लगेच दुसरी गोष्ट डोक्यात आली. नातीची कोर्टात साक्ष लागलेली होती, तारीख तोंडावर होती. शैलाताई शेजारी बसणार म्हणून पोरगी कशीबशी तयार झालेली. आता कोण बसणार?

ताई कोण, ते आधी सांगतो. नगरहून नागापूरच्या एमआयडीसीकडं जाताना एक साधं बैठं घर आहे, बाहेर बारकी पाटी. ज्या लेकरांवर मोठ्या माणसांनी हात टाकला, त्यांना आणि त्यांच्या आईबापांना तिथं आधार देतात. ते केंद्र ताई चालवायची. नातीचं नाव मी लिहिणार नाही, गावाचं नाही, माझंही नाही. ते लिहायचं नसतं, हे ताईनंच मला दम देऊन सांगितलेलं. ताईचं मात्र लिहितो. तिच्या हाताखालून जिल्ह्यातली एवढी लेकरं गेली की तेवढ्यावरून आमचं घर कुणाला सापडायचं नाही. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. लिहिताना हात अवघडतो, पण दुसऱ्याला सांगून लिहून घेणार नाही.

दोन वर्षांमागं नात नऊ वर्षांची होती. संध्याकाळी दुधाची किटली घेऊन डेअरीवर जायची. तिथं माप घेणारा माणूस म्हणजे दूध सोसायटीच्या चेअरमनचा सख्खा भाचा. त्यानं काय केलं ते मी लिहीत नाही, माझा हात घाण करून घेत नाही. पोरीनं शाळेतल्या बाईंना सांगितलं, बाईंनी पोलिसात आणि केंद्रात कळवलं. तक्रार झाली, त्याला उचलला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या घरी गाव लोटलं.

आमच्याकडं कुणी वारलं की भेटायला येतात. ओसरीवर सतरंजी टाकायची, बायांनी पदर तोंडाला लावून बसायचं, पुरुषांनी भिंतीला टेकून घसा खाकरायचा. तसंच बसले. पोरगी जिवंत, समोर उभी, आणि हे सुतकाला बसलेले. एक बाई उठली की दुसरी. "बाळे, काय केलं गं त्यानं? कुठं हात लावला? तू वरडली का न्हाईस?" पोरगी सांगायची. परत सांगायची. शेवटी पाढे म्हणल्यासारखी सांगायला लागली. बाहेर पडताना एक दुसरीला म्हणली, "काल जरा येगळं सांगितलं हुतं गं हिनं." ते शब्द अजून माझ्या कानात अळीसारखे वळवळतात. मी जनावरांचं शेण काढलंय, मेलेली वासरं खांद्यावरून नेऊन पुरलीत, पण किळस म्हणजे काय ते मला माझ्याच ओसरीवर कळलं. घाण एकानं केली आणि हुंगायला सगळा गाव आला.

ताई आली ती त्या गर्दीत. सुती साडी, पाठीला सॅक, स्कूटरच्या धुळीनं केस पांढरे झालेले. दारातूनच विचारलं, "घरात कोण वारलंय?"

"कुणी न्हाई," मी म्हणलं.

"मग सतरंजी कशाला टाकलीय?"

तिनं वाकून एक टोक धरलं आणि सरळ गुंडाळायला लागली. बाया बसलेल्या तशाच! "अगं बया, ह्या कोण म्हणायच्या?" करत एकेक उठली. गुंडाळी तिनं माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आबा, पोरीला एकदाच विचारायचं असतं. ज्याला विचारता येतं त्यानं. पुढं न्यायाधीशासमोर सांगावं लागतं तेवढं सांगू, त्याला इलाज नाही. बाकी कुणी नाही. तुम्ही दारात बसा आणि एकालाही आत सोडू नका."

"मला माझ्याच घराच्या राखणीला बसवती व्हय?"

"तुमच्याशिवाय गाव कुणाला भितंय?"

लबाड बाई. माणूस कुठं फुगतो ते पहिल्या भेटीत ओळखलं तिनं. मी बसलो. माझी धाकटी बहीण काष्टीवरून केळी घेऊन आली, तिलाही उंबऱ्यावर अडवलं. "दादा, मी काय परकी हाय?" म्हणून रडायला लागली. म्हणलं, "परकी न्हाईस, म्हणूनच तू जास्त इचारशील. केळी ठेव, च्या पी, आन् पोरीसंगं काचाकवड्या खेळत असशील तर आत जा." तासभर तोंड फुगवून बसली, मग गेली आत, खेळली. काही विचारलं नाही. एवढी एकच सगळ्या गोतात शहाणी निघाली.

केंद्रात गेलो तेव्हा माझंच ताईशी वाजलं. आतल्या खोलीत बुटक्या खुर्च्या, रंगाचे खडू, कापडी बाहुल्या. पोलीस बाई होती पण साध्या ड्रेसात, वर्दी नाही, लेकरू बिचकू नये म्हणून. पोरीचं बोलणं एका दमात नोंदवून घ्यायचं, म्हणजे परत परत उकरायला नको. मी म्हणलं, मी आत बसणार, घरातला कर्ता मी हाय. ताई दारात आडवी उभी राहिली. "आबा, ह्या खोलीत कर्ती ती आहे." मी दोन शब्द वाकडे बोललो, तिनं चार ऐकवले. शेवटी बाहेर बाकावर बसलो. सूनबाई घरात कितीतरी दिवस धड जेवली नव्हती, उठता बसता पोरीला एकच, "तू गेलीसच कशाला?" ताईनं तिला वेगळ्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं, आणि बाहेर आली तेव्हा सूनबाईच्या हातात बिस्किटाचा पुडा होता आणि ती खात होती. त्यानंतर ते वाक्य तिच्या तोंडून मी ऐकलं नाही. माझ्या मुलाला ताई बाहेर रस्त्यावर घेऊन गेली, दोघं नुसते चालून आले. काय बोलले ते त्यानं मला आजवर सांगितलेलं नाही... मीही विचारलं नाही.

महिनोन्महिने येत राहिली. पोरगी शाळेत जाईना तर पहिल्या दिवशी स्वतः सोबत वर्गात जाऊन बसली. मला वाटायचं, पोरीला हिंमत द्यावी, म्हणून मी तिला रोज म्हणायचो, तू वाघीण हायेस. ताई एकदा तडकली. "तिला वाघीण करू नका हो. पोटात दुखलं तर रडता आलं पाहिजे तिला." मला लागलं ते. चार दिवस फोन उचलला नाही तिचा. तीही कमी नव्हती, पाचव्या दिवशी दारात. बाई काही देवी नव्हती. वेळ कधी पाळली नाही, चष्मा कुठंही विसरायची, आणि रेश्मासारख्या हाताखालच्या पोरींवर एवढी ओरडायची की मलाच मध्ये पडावं वाटायचं. पण कुठल्या लेकराचा शब्द तिनं खाली पडू दिला नाही.

गावानं आम्हाला काय केलं तेही सांगतो. भाचा जामिनावर सुटला, तालुक्यात यायला बंदी, पण डेअरी चेअरमनच्याच ताब्यात. आमचं दूध मशीनला लावलं की, "फॅट लागत न्हाई आबा, परत न्या." रोज. त्याच म्हशी, तीच पेंड, आणि फॅट लागत नाही! लोक रांगेत उभे राहून बघायचे, एकाचंही तोंड उघडलं नाही. मी किटली घेऊन परत यायचो आणि मुलगा मोटारसायकलवर हायवेच्या चहावाल्यांना दूध नेऊन घालायचा. ताईला कळलं तेव्हा तिनं पेलाभर निरसं दूध मागून घेतलं, उभ्यानं प्याली, मिशीसारखी साय पुसली आणि म्हणाली, "आबा, फॅट आहे की हो! चेअरमनच्या डोळ्यावर आलीय ती वेगळी." नात हसली. लई दिवसांनी हसली.

मग मारुतीच्या देवळात बैठक बसली. चेअरमन पांढरा शुभ्र, गुडघ्यावर हात ठेवून बसलेला. म्हणतो, "आबा, झालं ते झालं. गावची गोष्ट गावात राहू द्या. पोरीच्या लग्नाचा सगळा खर्च आम्ही उचलतो, मांडव आमचा." नऊ वर्षांची पोर! अन् हा तिच्या लग्नाचा मांडव घालतोय, तोंड बंद करायला. आजूबाजूचे मान डोलवत होते, म्हणे चेअरमननं मन मोठं केलं. मी देवळाच्या पायरीवर थुंकलो आणि तोंडात आलं ते बोललो. घरी येऊन ताईला ऐटीत सांगितलं, तर तिनं डोक्याला हात लावला. "शिव्या कशाला दिल्यात? उद्या त्यांचा वकील म्हणेल, जुनं वैर होतं म्हणून पोरीला पढवलंय. आबा, साक्ष होईपर्यंत तुमचं तोंड माझ्याकडं गहाण." दिलं गहाण. जन्मात पहिल्यांदा.

तारीख लागल्यावर ताईनं पोरीला सुट्टीच्या दिवशी कोर्ट दाखवून आणलं. मोकळी खोली, हे साहेब बसतील, हा पडदा, त्याचं तोंड तुला दिसणार नाही, मी इथं तुझ्या शेजारी. पोरीनं विचारलं म्हणे, पंखा चालू असतो का. ताईनं बटण दाबून दाखवला... आणि मग ताईच गेली.

पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीच्या पुढं तिचं गाव. ओढ्याकाठी दशक्रिया. तिचा भाऊ विधीला बसलेला. सूनबाई आणि मी एसटीनं गेलो. आता आमच्या भागात दशक्रियेला माईक असतो, हे बाहेरच्यांना ठाऊक नसेल. मेलेल्याचे दहा दिवस झाले की पुढारी भाषणं करायला हजर. निवडणूक जवळ आली की जरा जास्त हजर. एक पांढरी गाडी थांबली आणि त्यातून उतरला आमचा चेअरमन! माईक हातात घेऊन आवाज ओला केला. "शैलाताई म्हणजे माझी धाकटी बहीण. लेकीबाळींचे अश्रू पुसणारी माउली हरपली..." ज्यानं लेकीबाळीच्या तोंडात बोळा कोंबायला मांडव देऊ केला, तो! लोक डोळे पुसत होते. मला वाटलं, उठून माईक हिसकावावा, सगळं ओढ्याकाठी मोकळं करावं... पण तोंड गहाण होतं, आणि जिच्याकडं गहाण ती तिथं फुलं घातलेल्या फोटोत. मी उठलो, चेअरमनकडं पाठ केली आणि ओढ्याकडं तोंड करून बसलो. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पाव्हणं, असं उलटं का बसलाव?"

"तिकडून वास येतोय," म्हणलं.

जेवणाच्या पंगतीत चेअरमनचा एक माणूस माझ्या बाजूला येऊन उकिडवा बसला. हळूच म्हणतो, "आबा, बाई तर गेली. आता कुणाच्या जिवावर उड्या मारता? उद्या तारीख हाय ना? पोरीला ताप आलाय म्हणून कळवा, पुढचं आम्ही बघतो." ताईच्या दहाव्याचा घास तोंडात धरून बोलत होता. मी पानावरून उठलो.

संध्याकाळी घरी आलो तर नात ओट्यावर बसलेली. म्हणली, "आबा, मी उद्या न्हाई जाणार."

"रेश्मा येणार हाय की न्यायला."

"मला न्हाई पायजे ती. ताई पायजे."

मुलगा म्हणला, नको म्हणती तर पुढची तारीख मागू. पुढची तारीख म्हणजे चेअरमनला आणखी एक फेरी, हे मला दिसत होतं. पण पोरीला ओढून न्यायचं नाही, हेही ताईनंच डोक्यात घातलेलं. समजूत घालायला गेलो, जमलं नाही. माझं काम दरडावायचं, गोड बोलणं मला कुणी शिकवलं नाही. ताट तसंच सरकवलं आणि पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्मा आली. चोवीस-पंचवीसची पोर, ओढणी डोक्यावरून घेतलेली, रडून डोळे सुजलेले. स्कूटर स्टँडला लावून अंगणात आली. आळीतली माणसं दारादारांत तमाशाला उभी. नात दाराआडून बघत होती, तिची चप्पल अजून पायात नव्हती. मी अंगणात खुर्चीवर चहा पीत होतो. मी कुणासाठी उठत नाही, हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आमदार आला तेव्हा उठलो नाही. चेअरमन आला तेव्हा उठलो नाही. त्या सकाळी मी बशी खाली ठेवली, उठून उभा राहिलो, टोपी सारखी केली, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणलं, "या, ताई."

रेश्मानं मागं वळून बघितलं, दुसरं कोण आलंय म्हणून. मी माझी खुर्ची तिच्यापुढं सरकवली, आणि नात चप्पल घालून बाहेर येऊन तिच्या शेजारी उभी राहीपर्यंत मी तसाच उभा राहिलो.