धुरपताबाईचं नाक आणि उकिरड्यातले टमाटे

वालूरच्या धुरपताबाईचं नाक म्हणजे नाक! शेजारच्या चुलीवर दूध लागलं तरी हिला आधी कळायचं. आणि संशय? तो तर नाकाच्याही पुढं धावायचा.

विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, सेलूचा बाजार भरला नाही, नि विकायला तोडलेले टमाटे घरातच राहिले. धुरपताबाईनं ते माजघरात कोरड्या वाळूवर मांडले. देठाची बाजू खाली, एकाला दुसरा चिकटू न देता. तरी वाळूतले खळगे रोज रिकामे व्हायला लागले. उंदीर असता तर कुरतडून अर्धा ठेवला असता. मग कोण? सून, कमल! गोड बोलून केसानं गळा कापणारी, हे धुरपताबाईनं लग्नातच ठरवून टाकलं होतं.

तिनं चंचीतला चुना काढून एकेका टमाट्यावर ठिपका दिला. आता कोणाच्या घरात सापडतात ते बघूच!

सापडले ते आपल्याच उकिरड्यात. लालभडक, ठिपक्यासकट.

"बन्सीधर! एसटी सुरू झाली की तुझ्या बायकोला पिंगळीला माहेरी नेऊन घाल. चांगला माल फेकून द्यायलीय सटवी!"

बन्सीधर बायकोकडं बघत राहिला. कमल गप्प. पाप नसतं तर बोलली नसती का? धुरपताबाईला आणखीच चेव चढला.

तेवढ्यात शेजारची सरजाबाई कुडावरून वाकली. "अगं माय माय! वासानं डोस्कं उठायलंय हितं, नि चांगला माल म्हनं!"

धुरपताबाईनं टमाटा नाकाशी नेला. काही नाही. दुसरा उचलून दाबला, तर साल फुटून आंबलेलं पाणी मनगटावरून ओघळलं. देठाच्या खळग्यात बुरशी. वास मात्र नाहीच. तिनं ओलं मनगटच नाकाला लावून बघितलं.

"आत्याबाईला सर्दी झालीया," कमल घाईघाईनं सरजाबाईला म्हणाली.

सर्दी कसली नि काय! सरजाबाई आत गेल्यावर धुरपताबाईनं हळूच विचारलं, "कवापासून ठाऊक हाय तुला?"

"पोळ्याला डाळ करपली तवापासून. तुमी चुलीम्होरंच बसल्या व्हत्या."

"मग बोलली का न्हाईस?"

"गावात तुमच्या नाकाचं नाव हाय, आत्याबाई. म्या कोन्या तोंडानं सांगू?"

धुरपताबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नि मी तुला घराबाहेर काढायला निघाले व्हते गं," म्हणत ती तिथंच मातीत बसली आणि सुनेचा हात धरून ढसाढसा रडली.