दुसऱ्या मजल्यावरची कडी

काशीतल्या एका मुलींच्या शाळेत मी नववीला हिंदी शिकवायचे. आमचं घर दुर्गाघाटावर. घरात मराठी, पण उंबरठा ओलांडला की जिभेवर हिंदीच येते. पत्रलेखनाचा धडा आला की दरवर्षी माझं डोकं फिरायचं. गाइडमध्ये एकच साचा: ‘सेवा में’, ‘सविनय निवेदन है कि’, ‘महती कृपा होगी’. मुली तो घोकायच्या आणि गुण मिळवायच्या. आपण कुणाशी बोलतोय, याचा विचारही त्यांच्या मनात येत नसे.

म्हणून गेल्या वर्षी मी गाइड मिटायला लावलं. म्हटलं, "तुम्हाला खरोखर छळणारी एक गोष्ट निवडा. ती तिघींना लिहा. मैत्रिणीला, आईला आणि प्रिंसिपल मॅडमना. वाचणारी बदलली की काय काय बदलतं ते बघा."

वर्गात फारसं न बोलणाऱ्या एका मुलीची वही मी स्टाफरूममध्ये उघडली. मैत्रिणीला तिनं लिहिलं होतं, ‘सकाळपासून पाणी पिऊ नकोस. वरच्या बाथरूमला कडी नाही. जायचंच झालं तर मला सांग, मी बाहेरून दार धरीन.’ प्रिंसिपल मॅडमना लिहिलं होतं, ‘दुसऱ्या मजल्यावरच्या शौचालयाची कडी दोन वर्षांपासून तुटलेली आहे. मागच्या महिन्यात रंगाऱ्यानं दार ढकललं तेव्हा आत एक मुलगी होती. कृपया कडी बसवावी.’ आणि आईला एकच ओळ: ‘शाळेत सगळं ठीक आहे.’

"आईला का नाही कळवलंस?" मी तिला विचारलं.

"मम्मीला कळलं की चाचांना कळणार. मग शाळा बंद."

दोन वर्षं मी रोज त्या दारावरून जात होते. शिक्षिकांचं बाथरूम वेगळं, त्याला कडीही आहे आणि कुलूपही. मला माझीच लाज वाटली, आणि त्या लाजेचा पुढच्या क्षणी संताप झाला.

मुलीचं नाव झाकून मी ते पत्र प्रिंसिपल मॅडमच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते वाचलं आणि चष्मा काढला.

"हे असलं लिहायला कोणी शिकवलं?"

"मी."

"नाव सांगा तिचं. माफीनामा लिहून आणू दे."

"आणि कडी?"

"सुट्टीत बघू. आधी माफीनामा. मजकूर तुम्हीच सांगा, पत्रलेखन तुमचाच विषय ना?"

मी नाव सांगितलं नाही. घरी आई म्हणाली, "कशाला झंझट ओढवून घेतेस?" पण मी इतकी पेटले होते की त्याच संध्याकाळी नववीच्या सगळ्या आयांना एक पानभर पत्र लिहिलं. कडी, रंगारी, दिवसभर तहानलेल्या पोरी, काही लपवलं नाही. कुणाचं नाव तेवढं घातलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येक मुलीच्या डायरीत एकेक प्रत घालून दिली.

तिसऱ्या दिवशी पंधरा-वीस बायका फाटकाशी उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत सुतार आला. मी तिथंच उभी होते. चार स्क्रू पिळून तो निघूनही गेला. एवढ्याशा कामासाठी दोन वर्षं!

सोमवारी त्या मुलीची जागा रिकामी होती. बुधवारी तिचे चाचा तिचा दाखला काढून घेऊन गेले. मग मला कळलं, तिच्या आईला वाचता येत नाही. माझं पत्र चाचांनी घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं होतं. महिनाभर मी वर्गात घसा फोडून सांगत होते, वाचणारं कोण आहे ते आधी बघा. आणि मीच ते बघितलं नाही. त्या पोरीनं तर मला स्पष्ट सांगितलं होतं.

ब्रह्माघाटाजवळच्या गल्लीत मी तिचं घर शोधून काढलं. चाचा दारातच आडवे उभे राहिले.

"आता कडी बसली आहे," मी म्हटलं.

"बसली असेल. आमची लडकी तिथं जाणार नाही."

"चूक शाळेची आणि शिक्षा तिला?"

"मास्टरनीजी, तुम्ही तुमचं बघा."

त्यांच्या खांद्यामागून ती माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या माणसाला ढकलून आत शिरावं असं वाटलं मला. तसंच त्या प्रिंसिपलला गदागदा हलवावंसं वाटलं. आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

शाळेनं माझी नववी काढून घेतली, सहावी दिली. साधारण महिन्यानं एका दुपारी संकठा देवीच्या दर्शनाचं निमित्त करून तिची आई तिला घेऊन आमच्या घरी आली. पदर सावरत एवढंच म्हणाली, "पढ़ा देंगी इसको?" आता आठवड्यातून तीन दुपारी दोघी येतात. दहावीचा फॉर्म तिनं प्रायव्हेट भरायचा असं ठरलं आहे. चाचांना अजून माहीत नाही.

पहिल्या दिवशी मी विचारलं, कुठून सुरुवात करायची? तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "कुछ भी मॅम, पत्र नहीं."

मी व्याकरणाचं पुस्तक काढलं. ती माझ्यावर चिडली होती, आणि तिचं बरोबरच होतं.