बोलावल्याशिवाय बसायची जागा

बेटावरच्या बाई कुणालाही ‘या, बसा’ म्हणत नसत. कॉलनीत हे सगळ्यांच्या लवकर लक्षात आलं आणि बाई शिष्ट ठरल्या. बारा वर्षं परदेशात, एका बेटावर राहून आल्या, आता कशाला आपल्याला विचारतील, असं लोक म्हणू लागले. खरं तर माणसांची एवढी हौस असलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. फक्त बोलावून आलेलं माणूस त्यांना नको होतं.

“बोलावल्यावर येतो तो पाहुणा,” त्या म्हणायच्या. “त्याच्यासाठी पोहे करा, चादर बदला, तो गेला की पसारा आवरा. मला पाहुणे नकोत सर. मला शेजारी पाहिजेत.”

बाई मूळच्या कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यातल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. गणिताच्या शिक्षिका. यजमान गेले, मुलगा शिकायला पुण्याला गेला, आणि रिकाम्या घरात बसून राहण्यापेक्षा म्हणून त्यांनी मालदीवमधल्या एका शाळेची जाहिरात पाहून अर्ज केला. ते बेट एवढंसं, की किनाऱ्याने चालत निघालं तर वीस मिनिटांत माणूस पुन्हा आपल्याच दाराशी. “कन्नडच्या आठवडी बाजारात याहून जास्त चालणं व्हायचं,” असं त्या सांगत. पहिले सहा महिने आपण रोज रडलो, हेही हसत हसतच सांगत. चारी बाजूंनी समुद्र आणि प्यायला टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी. आईने फोनवर विचारलं होतं, “तिकडं तरी पाणी मुबलक असंल नं?” बाई म्हणाल्या, “लई आहे आई, पण प्यायला नाय.”

त्या परत आल्या तेव्हा माझ्या घरासमोरचं घर त्यांनी घेतलं. मी कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेला, एकटा माणूस. माझी आरामखुर्ची खिडकीशी असते. त्यामुळे बाईंना मी ओळखू लागलो ते आधी खिडकीतून.

संध्याकाळी त्या फिरायला निघत. आमच्याकडे फिरायला जायचं म्हणजे मोठ्या रस्त्याने सरळ जायचं आणि तसंच परत यायचं. बाई मात्र कॉलनीला कडेकडेने वळसा घालत. चार वळसे झाले की घरी. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, “सरळ रस्त्याची सवय गेली हो. सरळ चाललं की वाटतं, आता पाण्यात जाणार.”

दुपारी त्या दहावीच्या मुलांची शिकवणी घेत. उंची आणि अंतराची गणितं त्यांची खास आवडीची. तिथल्या पुस्तकात गणित असे, टेकडीवर उभ्या असलेल्या माणसाला खाली होडी दिसते, तर अंतर काढा. मुलं विचारत, मिस, टेकडी म्हणजे काय? त्यांनी पाहिलेली सगळ्यात उंच वस्तू म्हणजे नारळाचं झाड. तेव्हा बाईंनी माणूस टेकडीवरून उतरवला आणि नारळावर चढवला. इथे आल्यावर पंचाईत उलटी. मुलांना टेकडी ठाऊक, होडी नाही. मग माणूस कन्नडच्या घाटात उभा राहिला आणि होडीची एसटी झाली. “आकडे तेच,” बाई म्हणत. “अंतर काही बदललं नाही.”

तिकडे सकाळी मासा, ओलं खोबरं, कांदा आणि मिरची चुरून पोळीबरोबर खातात. बाईंच्या घरी समुद्राचा मासा कधी शिजलेला नव्हता, आणि त्यांना तिथेही तो शिजवायला शेवटपर्यंत जमलं नाही. पण त्या न्याहारीवाचून इथे त्यांना करमेना. त्यांनी माशाऐवजी भाजलेल्या शेंगदाण्यांचं जाड कूट घातलं, लिंबू पिळलं, आणि बाजरीच्या भाकरीबरोबर एक वाटी माझ्या फाटकावर ठेवून गेल्या. इतकं चविष्ट काही मी बऱ्याच दिवसांत खाल्लं नव्हतं. तिकडच्या कुणी ओळखलं नसतं आणि इकडच्या कुणी केलं नसतं.

लोक त्यांना एकच प्रश्न फार विचारत : एवढं चांगलं होतं तर परत कशाला आलात? बाई प्रत्येकाला वेगळं उत्तर देत. कुणाला गुडघे, कुणाला व्हिसा, कुणाला दमट हवा. मला मात्र एकदा म्हणाल्या, “तिथं रोज घाट आठवायचा. वाटायचं, घरी गेलं की आठवण थांबंल. इथं आले तर रोज बेट आठवतं. आठवण काही थांबत नाही सर, नुसती बाजू बदलते.” असं म्हणून त्या मोठ्याने हसल्या. असल्या वाक्यावर माणसाने गंभीर व्हायला हवं, हे त्यांच्या गावीही नसे.

मग एक दिवस त्यांनी झोळी करवून आणली. बेटावर प्रत्येक घरासमोर, रस्त्यावर, लोखंडी नळ्यांची एक चौकट असते आणि तिला दोरीच्या विणलेल्या बैठका लटकवलेल्या असतात. बाई तिला झोळी म्हणत. येणारा जाणारा त्यात टेकतो. घरातल्याला हाक मारायची नाही, घरातल्याने ‘बसा’ म्हणायचं नाही. बसायचं, वाटलं तर बोलायचं, वाटलं तर उठून जायचं. बाईंनी कागदावर चित्र काढलं, मापं लिहिली आणि क्रांती चौकाच्या अलीकडच्या एका वेल्डिंगवाल्याकडे त्या मला बरोबर घेऊन गेल्या. त्याने कागद उलटसुलट पाहिला.

“बाई, घर में तो तुम अकेले. फिर तीन सीटाँ कायकू?”

“उसीच के वास्ते, भाई,” बाई म्हणाल्या.

झोळी आली आणि फाटकाच्या आत नाही, बाहेर लागली. रोज संध्याकाळी बाई मधल्या बैठकीत जाऊन बसत. दोन्ही बाजूंच्या दोन मोकळ्या.

आता आमच्या कॉलनीची एक पद्धत सांगायला हवी. इथे माणूस फाटकाशी येतो, कडीवर हात ठेवतो, “बसत नाही, निघायचंय” म्हणतो आणि मुलीच्या स्थळापासून मोतीबिंदूपर्यंत सगळं सांगून पाऊण तासाने निघतो. बसायचं तर आग्रह लागतो, तोही दोनदा. बाई आग्रह करत नव्हत्या. त्यामुळे लोक येत, झोळीच्या नळीला धरून उभे राहत, तिचं कौतुक करत आणि जात. चार महिने झाले. बसलं कुणी नाही. मीही नाही. लहानपणापासून मला कुणाकडे बोलावल्याशिवाय जाता आलेलं नाही.

गणपती उठल्यावर बाईंचा मुलगा येऊन गेला. आई, आता पुण्याला चल, हे घर विकून टाकू, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे त्यांच्या फाटकाशी उभा होतो, तेव्हा त्यांनी सांगितलं, “मी त्याला म्हटलंय, दिवाळीपर्यंत थांब. या दोन जागांवर कुणी आपणहून बसलं तर मी इथंच राहणार. नाही तर येते बाबा तुझ्याकडं.”

मी लगेच बसायला वळलो, तर त्यांनी हात आडवा केला.

“तुम्ही बाद, सर. तुम्हाला नियम कळला. आता तुम्ही बसलात तर ते बोलावल्यासारखंच झालं. आणि कुणाला सांगायचं नाही, हं.”

त्या हसत होत्या, पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही. चार महिने ती जागा मला मोकळी होती. मी खिडकीत बसून वाचत राहिलो होतो आणि आता खेळातूनच बाद झालो होतो. नवरात्र गेलं, दसरा गेला. लोक सोनं द्यायला आले, उभ्याउभ्याच देऊन गेले. बाईंनी पुस्तकांची दोन खोकी बांधून ठेवलेली मला दिसली.

आमच्या शहरात नळाला पाणी कितीएक दिवसांनी येतं, आणि ते सोडणारा माणूस लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून सायकलवरून येतो. आमचे शेषराव. त्यांच्याएवढा मान कॉलनीत डॉक्टरलाही नाही. दिवाळीच्या चार दिवस आधी ते आले, तेव्हा मी कोपऱ्यावर त्यांना गाठलं.

“शेषराव, चावी फिरवून झाली की बाईंच्या त्या झोळीत दहा मिनिटं बसाल का?”

“बसतो की. पण कामून?”

“काही विचारू नका. आणि मी सांगितलं असं सांगू नका.”

“मोडकी नाय नं? मी बसायचो अन् आपटायचो.”

“मजबूत आहे.”

“मंग सर, तुमीच का नाय बसत?”

मी घरी येऊन खिडकीशी बसलो.

शेषराव आले. बाईंना रामराम न करता, सरळ उजव्या बैठकीत बसले आणि चावी मांडीवर आडवी घेतली. आणि मग जे झालं ते मी कल्पिलं नव्हतं. पाणीवाला माणूस पाण्याच्या दिवशी बसलेला कॉलनीने कधी पाहिला नव्हता. दोन मिनिटांत दारं उघडली. शेजारच्या काकू हातातली बादली तशीच घेऊन धावत आल्या.

“अहो शेषराव, बसलात कसे? पाणी गेलं का?”

“कुठं गेलं? येऊ लागलंय. हवा निघू द्या नळातली.”

काकूंचा जीव भांड्यात पडला, आणि त्या भरात त्या डाव्या बैठकीत धपकन बसल्या. बसल्या आणि उठेनात. “अगं बाई, हे तर कमरेला फार बरं वाटतं,” म्हणाल्या. मागोमाग आणखी चौघं आले आणि आपला नंबर कधी म्हणून उभे राहिले. बाई मध्ये बसून इतक्या हसत होत्या की चौकट हलत होती. हसता हसता त्यांनी माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी पुस्तक तोंडासमोर धरलं.

दुसऱ्या दिवशी खोकी उघडली गेली. संध्याकाळी बाईंनी रस्त्यापलीकडून सांगितलं, “सर, नियम पुरा झाला. आता तुम्हाला बी चालतंय.” मी गेलो आणि बसलो.

त्यानंतरची सहा वर्षं मी जवळजवळ रोज तिथे बसलो. आयुष्यभर पुस्तकांत राहिलेल्या मला माणसांशी गप्प बसता येतं, हे तिथे कळलं. फक्त एक खडा टोचत राहिला. बाई ज्या भरवशावर इथे राहिल्या, तो मी खोटेपणाने उभा केला होता. अनेकदा सांगावंसं वाटलं. पण त्या आनंदात होत्या, आणि मी भित्रा.

या उन्हाळ्यात बाई गेल्या. आदल्या दिवशी शिकवणी घेतली होती. फळ्यावर घाट आणि एसटी तशीच होती.

तेरावा होऊन महिना उलटल्यावर, एका पाण्याच्या दिवशी मी झोळीत एकटाच बसलो होतो. शेषराव आले. त्यांनी चावी मधल्या मोकळ्या बैठकीत ठेवली आणि पलीकडे बसले. मी त्यांना म्हणालो, “शेषराव, त्या वेळी मी तुम्हाला बसायला सांगितलं ते बाईंना मी कधी बोललो नाही. मनाला लागून राहिलंय.”

“त्यांना ठावं व्हतं की.”

“काय?”

“त्याच दिशी इचारलं त्यांनी. कुणी धाडलं? मला काय खोटं जमतंय व्हय? म्हटलं, लायबरीवाल्या सरांनी. लई हसल्या. म्हनल्या, सरांना सांगू नका. अन् म्हनल्या, मी जाऊ नये म्हणून ह्या माणसानं लबाडी केली, मंग मी कशाला जाते पुण्याला?”

नळातून हवा निघाल्याचा फुसफुस आवाज येऊ लागला.

बाईंच्या मुलाने घर नुकतंच भाड्याने दिलं होतं. झोळी त्याने जागेवरच ठेवली होती. तेवढ्यात नव्या भाडेकरूबाई, बँकेत असतात, फाटक उघडून बाहेर आल्या आणि “पाणी किती वेळ असतं हो?” म्हणत चौकटीच्या नळीला धरून उभ्या राहिल्या. शेषरावांनी मधली चावी उचलून आपल्या मांडीवर घेतली. मी पुस्तक मिटलं.

‘बसा’ कुणीच म्हटलं नाही. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि मग बसल्या.