बीम्यातली जागा

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. मी घराण्यातला पहिला बी.ए. मास्तरकीच्या मुलाखतीला जायचं, तर सेलूला हैदराबादची रेल्वे गाठायलाच हवी होती. देवगाव फाट्यावर सेलूच्या मोटारीचं तिकीट काढून थांबलो, तर सर्व्हिस मोटार भरूनच आली.

गळ्यात लाल रुमाल बांधलेल्या ड्रायव्हरनं प्रत्येक बाकावर थाप मारत माणसं पाहिली. मला म्हणाला, "साहेब, जागा न्हाई."

"उभा राहतो की."

"उभ्याला बीमा न्हाई. मोटार उलटली तर कंपनी बसलेल्यांचंच बघती."

माझा चेहरा पडला. त्यानं तो पाहिला आणि पुढच्या बाकावरच्या मोटारमालकाकडं वळला. "मालक, तुमचं तिकीट?"

"माझ्याच मोटारीत मला तिकीट?"

"मग उतरा. मोटार तुमची, जागा तिकीटवाल्याची."

"नोकर ठेवला का सासरा," म्हणत मालक उतरला आणि सेलूला निघालेल्या कापसाच्या गाडीवर चढला. वर आडवा होऊन म्हणाला, "इथं तर लय मऊ हाय."

सगळी मोटार हसली. मला रेल्वे मिळाली, नोकरीही. ड्रायव्हरचं नाव विचारायचं राहिलं. पुढं हेडमास्तर झालो. शाळेत प्रवेशाला बड्यांची चिठ्ठी आली, की मी आधी रांगेतल्या पोराला बसवून घेई.