सामाईक ‘चालू’

“हे कुणाचं हाय?” पडद्यावरच्या कोडच्या ओळीवर बोट टेकवून आमच्या टीममधला तो पोरगा विचारायचा. बोटाला बहुधा शेंगदाण्याच्या चटणीचं तेल असायचं आणि पडदा बहुधा माझा असायचा.

आमच्या बावधनच्या ऑफिसात डीबगर बनतो. म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधून देणारा प्रोग्राम. लोकांच्या डोळ्यातलं कुसळ दाखवायचा आमचा धंदा, पण आमच्याच कोडमध्ये मुसळं होती. ग्लोबल व्हेरिएबल म्हणतात त्यांना. माहिती एका जागी ठेवायची आणि कुणीही कुठूनही येऊन ती बदलायची. सध्या कोणता प्रोग्राम तपासतोय हे जिथे नोंदलेलं असे, त्याला आम्ही ‘चालू’ म्हणायचो. एकदम दोन प्रोग्राम उघडले, की पहिल्याच्या खिडकीत दुसऱ्याचे आकडे दिसायचे.

“नावच चालू, सरळ वागंल कसं?” तो म्हणायचा.

तो मुठा गावचा. रोज मोटारसायकलवरून यायचा आणि गावची बोली काही चांदणी चौकात उतरवून ठेवायचा नाही. नदीवरची पाण्याची मोटर त्यांच्या भावकीत सामाईक होती. “चालवायला समदी घरं, जळाली की कुणीच न्हाई. सामाईक म्हंजे बेवारस, दादा.” म्हणून कोडमध्ये सामाईक काही ठेवायचंच नाही, कोडच्या ज्या तुकड्याला, म्हणजे फंक्शनला, जे लागेल ते त्याच्या हातात द्यायचं, हा त्याचा हट्ट. जेवतानासुद्धा चटणीचा डबा मध्ये ठेवायचा नाही, प्रत्येकाच्या ताटात स्वतः वाढायचा. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल.

बोलायला सोपं हो! एक व्हेरिएबल काढावं तर भलतीकडेच काहीतरी मोडायचं. त्याचे बदल तपासायचं काम माझ्या गळ्यात. मी वैतागायचो.

“अरे, चालतंय ना? कशाला हात लावतोस?”

“चालतंय कुटं दादा? पडायचं राहिलंय.”

आमच्या मॅनेजरसाहेबांनी एकदा मीटिंगमध्ये विचारलं, “इतके दिवस बसलायस, नवीन काय दिसतंय?”

“काय दिसत न्हाई सर, त्येच तर काम हाय.”

सगळे खो खो हसले. तो हसला नाही.

एकेक करत सगळी ग्लोबल व्हेरिएबलं गेली, फक्त ‘चालू’ उरला आणि साहेबांनी या पठ्ठ्याला त्या कामावरून उठवून नव्या रंगीत बटणांच्या कामावर बसवलं. “दादा, तुमी सांगा त्यास्नी. एवढं एकच ऱ्हायलंय.” मी सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. त्यानं राजीनामा दिला. माझा असा संताप झाला, की साहेबांवर जास्त की त्याच्यावर, हे मला अजून कळलेलं नाही.

परवा एका मोठ्या गिऱ्हाइकानं एकदम दोन प्रोग्राम उघडले. डीबगरनं दाखवलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवून त्यांनी धडधाकट प्रोग्राम ‘दुरुस्त’ करून बिघडवला. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं, ‘चालू’ची ओळ भिंतीवर मोठी करून दाखवली आणि ओरडले, “हे कुणाचं आहे?”

माझी नजर त्याच्या खुर्चीकडे गेली. तिथे कुणाची तरी बॅग होती.

“सामाईक हाय, सर,” मी म्हणालो.

या वेळी कुणी हसलं नाही.