चौथ्या चालीला राजाची उडी

"देखो भाई, जंगल का राजा कूद गया!"

समोरचा खेळाडू वकील होता. माझा राजा बोटांत धरून तो उभा राहिला आणि सगळ्या हॉलला दाखवू लागला. गोंदियातली खुली बुद्धिबळ स्पर्धा. पहिली फेरी, माझी चौथी चाल. आपापले डाव सोडून लोक हसायला आले.

मी राजाला घोड्याची चाल दिली होती.

जंगलातल्या चिचगडला, आमच्या घरी, डाव असाच सुरू व्हायचा. घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवायचं. शह बसण्याआधी राजाने एकदाच अडीच घरं उडी मारून त्या रिकाम्या घरात बसायचं. बाबा वनमजूर होते. कामावरून आले की अंगणात मला हेच शिकवायचे. स्पर्धेचे नियम मी पुढे पाठ केले. त्यांत ही उडी नाही, तेही ठाऊक होतं. पण हात बाबांनी घडवलेला.

"इन लोगों को एंट्री देता कौन है?" वकिलाने पंचांना विचारलं.

पंच मला म्हणाले, "हरलात. उठा."

मी उठत होतो. तेवढ्यात बाबा खुर्च्यांमधून पुढे आले. माझा डाव बघायला धुतलेलं धोतर नेसून आले होते. त्यांनी वकिलापुढे हात जोडले.

"पोराची गलती नाही जी, साहेब. मीच त्याले असा शिकवलो. माफी द्या."

वकील हसतच होता.

मी परत बसलो.

"बाबा, हात कायले जोडून राहिले? खाली करा."

मग पंचांना म्हणालो, "पहिल्या चुकीला डाव जात नाही. समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात. ती द्या, आणि राजा जागेवर ठेवा."

नियमच होता. पंचांना मानावा लागला. पण हात लागलेली सोंगटी हलवायचीच, हाही नियम; म्हणून राजाच मला हलवावा लागला, एक घर पुढे, उघड्यावर. डाव मी हरलोच. शेवटपर्यंत बसून हरलो.

तेव्हापासून बाबा खेळत नाहीत. फुलचूरला माझ्या घरी आले की मी पट मांडतो. ते तोंड फिरवतात. "आपला खेळ खोटा हाये रे," म्हणतात. या माणसाने मला विचार करायला शिकवलं. ते सगळं एका हशात त्यांच्या लेखी खोटं ठरलं, आणि ते मला त्यांना परत देता आलेलं नाही. बहुतेक येणारही नाही.

खेळ खोटा नाही. नियम वेगळे आहेत, एवढंच.

मी दर स्पर्धेला जाणार. तिथल्या नियमांनी खेळणार. आणि कुठे शिकलात म्हणून कोणी विचारलं, तर गावाचं नाव घेणार, बापाचं नाव घेणार. मोठ्याने.